कोरडी ठणठणीत बोट

खरं तर शिवशरणनं फार मोठं काही ठरवलं नव्हतं. मेहुण्याच्या मोटारीत पाय ठेवायचा नाही, एवढंच ठरवलं होतं. माणसं याहून मोठमोठ्या शपथा घेतात आणि जेवणाची पानं मांडेपर्यंत विसरून जातात. शिवशरण विसरला नाही. त्याची स्मरणशक्ती चांगली होती (अपमानाच्या बाबतीत फारच चांगली, बायकोनं सांगितलेला गूळ आणायला मात्र तो दर बाजाराला विसरायचा), आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

तो राहायला सोलापुरात बाळीवेशीत आणि एका सूतव्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून. बायको दाक्षायणी. तिचं माहेर कल्लेवाडी, एकरूखच्या तलावाच्या पलीकडच्या काठावरचं खेडं. तिचा थोरला भाऊ शिवयोगी यानं तीस साल उलटलं तेव्हा कल्लेवाडी ते सोलापूर अशी सर्व्हिस मोटार सुरू केली. मोटारीच्या पूजेला शिवशरण फेटा बांधून गेला. जावई म्हणून नारळ आपल्याच हातून फुटणार याची त्याला इतकी खात्री, की त्यानं घरी दोन नारळ फोडून हात बसवला होता. ऐनवेळी मामलेदार कचेरीतला एक कारकून उगवला आणि शिवयोगीनं नारळ त्याच्या हातात दिला. एखाद्या साहेबाच्या हातात दिला असता तर शिवशरण काही बोलला नसता. पण आपणही कारकून आणि नारळ फोडणाराही कारकून, हे त्याला फार लागलं.

"आजपासनं माझ्या घरचं माणूस या मोटारीत पाय ठेवणार नाही," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "सिद्धेश्वराची शपथ."

पुढच्या नागपंचमीला त्यानं बायकोला बैलगाडीतून माहेरी न्यायचं ठरवलं. अर्ध्या वाटेत शिवयोगीची मोटार मागून आली आणि चिखलाचा एक भला मोठा फवारा गाडीवर उडवून पुढं गेली. ड्रायव्हरला कल्पनाही नव्हती. पण शिवशरणनं तिथूनच गाडी वळवली आणि शपथेत तो रस्ताही घालून टाकला.

आता पंचमी हा तिकडच्या लेकींचा सण. भाऊ न्यायला येतो, लेक झोक्यावर बसते, लाह्या आणि तंबिटाचे लाडू खाते आणि आईपाशी वर्षाचं साठलेलं बोलून घेते. शिवयोगी दर वर्षी चतुर्थीला बोळाच्या तोंडाशी मोटार उभी करून यायचा. शिवशरण आतूनच ओरडायचा, "घरात कुणी नाही." मग दाक्षायणी उंबऱ्यावर येऊन भावाच्या हातात लाडवांची पुरचुंडी ठेवायची, अव्वासाठी, म्हणजे आईसाठी म्हणून, आणि तो टोपी सारखी करत परत जायचा. असं चार-पाच वर्षं चाललं. मग एका वर्षी तिनं पुरचुंडी दिली नाही.

"अण्णा, अव्वाला सांग, मी बरी हाय," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन भाकरी थापायला बसली. काटवटीवर हात असा जोरात पडत होता, की काहीही न समजणाऱ्या शिवशरणलासुद्धा काहीतरी समजलं. आपलं चुकलंय हे त्याला कळलं. पण नवरे चूक कबूल करत नाहीत, काहीतरी विकत आणतात. तोही त्याच जातीचा.

पुढल्या उन्हाळ्यात पेढीवर बातमी आली, की तलावावर साहेबलोकांनी हौसेनं चालवलेला बोटींचा क्लब मोडतोय. साहेब बदलून गेले, मेमसाहेब कंटाळल्या, बोटी स्वस्तात निघाल्या. शिवशरणच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रस्ता मेहुण्याचा असेल, पाणी तर सरकारचं आहे. स्वतःच्या मोटारबोटीतून बायकापोरांना घेऊन थेट कल्लेवाडीच्या काठाला लागायचं, आणि शिवयोगीनं आपल्या मोटारीला टेकून ते बघत राहायचं. (हे दृश्य तो मनात रंगवत असताना पेढीवर सुताचे दोन गठ्ठे भलत्याच दुकानी गेले.)

"मोटारबोट घेतो," त्यानं घरी सांगितलं. "तुला माहेरी न्यायला."

दाक्षायणी तांदूळ निवडत होती. "पैसं?" तिनं विचारलं.

"जुनी आहे. स्वस्तात मिळतीय. थोडी शिल्लक आहे."

"अन् बाकीचं?"

शिवशरण गोठ्याकडं बघू लागला. गोठ्यात म्हैस होती. ती दाक्षायणीच्या आईनं, ईरम्मानं, लेकीला दिलेली. दाक्षायणीनंही तिकडं बघितलं.

"न्ह्या," ती म्हणाली. "तिला काय माहेरची आटवन येत नसंल. मला येती."

शिवशरणनं त्यातलं पहिलं 'न्ह्या' तेवढं ऐकलं आणि म्हैस विकून टाकली.

बोट बघायला त्यानं चुलत्यांना, शिवप्पाकाकांना, मंद्रूपकडून बोलावून घेतलं. काकांनी जन्मात बोट पाहिली नव्हती. पण सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या जनावरांच्या बाजारात त्यांची हयात गेली होती, आणि चालती वस्तू पारखायची रीत एकच असते, असं त्यांचं मत होतं. क्लबाची शेड राखणारा रामहरी नावाचा माणूस होता. त्याच्याकडंच विक्री सोपवलेली. त्यानं तीन बोटी दाखवल्या. एक छपराची, मोठी. तिची किंमत ऐकून काका दुसरीकडं बघायला लागले. दुसरी हिरवी, धक्क्याला बांधलेली, अंगावर शेवाळ, रंग उडालेला. तिसरी शेडात लाकडांवर ठेवलेली, तांबूस, तोंड दिसेल असं चकचकीत पॉलिश केलेली.

"ही हिरवी घ्या," रामहरी म्हणाला. "बारा म्हयने पान्यात असती. दिसाया अशी हाय, पर दगा देनार न्हाय."

काकांनी पुतण्याला दंडाला धरून बाजूला नेलं. "बाजारात दलाल ज्या बैलाची तारीफ करतो त्याच्याकडं बघायचं पन न्हाय. अन् बारा म्हयने पान्यात? अरं, पान्यात ऱ्हाऊन लाकडाचं काय हुतंय? कुजतंय."

शिवशरणनं हिरव्या बोटीवर बोट ओढलं. बोटाला शेवाळ आलं. त्यानं ते धोतराला पुसलं आणि हिरवीचा निकाल लागला.

"ही तांबडी कवापासनं हितं हाय?" काकांनी विचारलं.

"लई दिस झालं. साहेबानं हौसेनं आनली, मेमसाहेबाला रंग आवडला न्हाय. तशीच ऱ्हायली शेडात."

"पान्याला लागलीच न्हाय?"

"थेंब न्हाय."

"म्हंजे न जुपलेलं खोंड की रं," काका म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता.

मग पारख सुरू झाली. काकांनी बोटीला प्रदक्षिणा घातली, बरगड्या चेपल्या, मागं उकिडवं बसून कणा सरळ आहे का ते बघितलं. पोटाखाली लाकडात एक गाठ होती. तो भोवरा धरला तर शुभ जागी होता. रामहरीनं हॅन्डल मारून इंजिन चालू करून दाखवलं तेव्हा शेडातली सगळी कबुतरं उडाली, धुरानं शिवशरणला ठसका लागला. "छाती चांगली हाय," काका म्हणाले.

"एकदा पाण्यात घालून बघायची का?" शिवशरणनं भीतभीत विचारलं.

"नवरी बघाया जातो तवा लगीन लावून बघतो व्हय? अन् घातली पान्यात, मग ती कोरडी कुटली ऱ्हायली? वापरलेलीच झाली की."

या तर्कापुढं शिवशरणच काय, मोठा वकीलही गप्प बसला असता.

"अवो, पर ही बोट आदी..." रामहरीनं तोंड उघडलं.

"बघ," काका पुतण्याच्या कानाशी लागले. "आता हिला न्हाय म्हनाया लागला. म्हंजे हीच चांगली."

सौदा ठरवताना काकांनी बाजाराच्या रिवाजाप्रमाणं उपरण्याखाली रामहरीचा हात धरला आणि बोटं दाबून किंमत सांगितली. रामहरीला ती रीत ठाऊक नव्हती. म्हाताऱ्याला आधार हवा असेल म्हणून त्यानंही हात घट्ट धरून ठेवला. बराच वेळ दोघं तसेच उभे होते. शेवटी शिवशरणनंच तोंडानं आकडा सांगून टाकला.

बोट बैलगाडीवरून बाळीवेशीत आली. दारापुढच्या मोकळ्या जागेत विटांवर बसवली. सोलापूरचा वैशाख, भुईतून वाफा निघत होत्या. शिवशरणनं घरात सक्त ताकीद दिली, की बोटीला ओल लागता कामा नये. सडा टाकताना तिच्या बाजूनं टाकायचा नाही. हात धुऊन झटकायचे नाहीत. एकदा वळीव येण्याची चिन्हं दिसली, तर त्यानं घरातलं जाजम काढून तिच्यावर घातलं, आणि जाजम भिजलं म्हणून दाक्षायणी जे बोलली ते निमूट ऐकून घेतलं. संध्याकाळी पेढीवरून आला, की तो तिच्यात जाऊन बसायचा आणि सुकाणू धरून समोरच्या भिंतीकडं टक लावून बघायचा. दाक्षायणी तिच्यात कुरडया आणि मिरच्या वाळवायची. त्या वर्षी कुरडया फार चांगल्या वाळल्या. त्या बोटीचा तेवढा एकच उपयोग झाला, असं पुढं ती म्हणायची.

दुपारी ऊन तापलं, की बोटीतून कडकड आवाज यायचे. एक दिवस शेजारच्या बाळाबाई वाकून बघत म्हणाल्या, "भाऊ, ह्यात हितनं उजेड दिसतुया. ह्या फटी कशाच्या?"

"वारा खेळता राहायला," शिवशरण म्हणाला. "विलायती असते तशी."

आणि खरं सांगायचं तर, त्याला स्वतःलाही ते पटलं होतं.

श्रावण आला. तलाव भरला होता. चतुर्थीला सकाळीच बोट गाडीवरून तलावाच्या बांधापाशी नेली. नवी वस्तू, म्हणून पाच सवाष्णी आधी बसवायच्या, मठातल्या अय्यास्वामींनी मंत्र म्हणायचा आणि मगच हलायचं, असं ठरलं होतं. सवाष्णींत बाळाबाई पुढं होत्या. दाक्षायणी मधल्या फळीवर, पोरांना दोन बाजूंना घेऊन. तिच्या मांडीवर गाठोडं होतं. त्यात आईसाठी घेतलेलं इरकली लुगडं आणि लाडू. वेणीत तिनं फुलं माळली होती. शिवशरणनं ती बघितली आणि त्याला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत आपण काहीतरी नीट केलं, असं त्याला वाटलं.

शिवयोगी रिवाजाप्रमाणं बोळात आला होता. तिथं त्याला कळलं, म्हणून मोटार घेऊन बांधावर आला आणि लांब उभा राहिला. शिवशरणनं त्याला बघितलं आणि फेटा सारखा केला. आता नारळ कोण फोडतो ते बघ म्हणावं.

गड्यांनी बोट पाण्यात ढकलली. अय्यास्वामींनी मंत्र सुरू केला. काका तळाशी बैठक मारून बसले होते. त्यांच्या पायाच्या अंगठ्याशी दोन फळ्यांच्या मधून पाण्याची एक बारीक धार वर आली.

आता काकांची गोष्ट सांगायला हवी. काकांनी मंद्रूपच्या रानात तीन विहिरी खणल्या होत्या आणि तिन्ही कोरड्या गेल्या होत्या. तिसरीच्या वेळी तर ते स्वतः तळाशी उतरून कातळावर कान लावून झोपायचे. त्या मुलखात जमिनीखालून पाणी वर येणं याहून मोठं सुख नाही. तळाला ओल दिसली, की खणणारे वर येऊन गूळ वाटतात, बायका हळदकुंकू वाहतात, म्हातारी माणसं रडतात. काका त्या धारेकडं बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"शिवशरणा," ते म्हणाले. "पानी लागलं."

"कुटं?" बाळाबाईंनी वाकून बघितलं. दुसरीकडूनही धार आली होती. मग तिसरीकडून. बाळाबाईंनी लगबगीनं कोयरी उघडली आणि धारेवर हळदकुंकू वाहिलं. दुसरीनं खण ठेवला. "गंगामाई आपल्या पायानं आली," असं अय्यास्वामी म्हणाले आणि त्यांनी नवा मंत्र धरला. शिवशरणनं नारळ फोडला. एका फटक्यात फुटला. त्याचं पाणीही त्याच पाण्यात गेलं.

बांधावरून रामहरी धावत येत होता. "उपसा," तो ओरडत होता. "पानी उपसा."

"याला कोनी सांगा रं," काका डोळे पुसत म्हणाले. "आलेली गंगा कोन उपसून टाकतं व्हय?"

पाणी घोट्याला लागलं. "अवो, पानी वाडतंय," दाक्षायणी म्हणाली.

"वाढणारच की. शुभ आहे."

"अव्वाचं लुगडं भिजाया लागलंय."

"गंगेत भिजलेलं लुगडं आहे. आईंना आवडेल," असं म्हणून शिवशरणनं हॅन्डल मारलं. इंजिन धडाडलं, बोट चार हात पुढं गेली आणि बांधावरची माणसं 'हर हर' म्हणाली. तेवढा एक क्षण त्याच्या आयुष्यात सगळं नीट घडलं. मग इंजिननं गुळणी केल्यासारखा आवाज काढला आणि ते बंद पडलं. बोट कललीबिलली नाही. वजनदार बाई पाटावर बसते तशी ती सगळ्या मंडळींसकट सावकाश खाली बसली.

पाणी कमरेएवढंच होतं, म्हणून कुणी बुडालं नाही. सवाष्णी एकमेकींना धरून बाहेर आल्या, अय्यास्वामी मंत्र म्हणतच बाहेर आले. पोरांना शिवयोगीनं पाण्यात शिरून उचललं. काका मात्र उठेनात. छातीभर पाण्यात ते हात जोडून बसून होते, आणि एवढं पाणी त्यांना जन्मात कधी लागलं नव्हतं. त्यांना धरून आणताना शिवशरणला त्यांचा राग आला नाही, स्वतःचा आला.

दाक्षायणी सगळ्यांत शेवटी आली. तिनं काठावर गाठोडं सोडलं. लाडवांचा काला झाला होता, लुगड्याला हळदकुंकवाचे डाग पडले होते. तिनं ते पिळलं आणि पुन्हा बांधलं.

शिवयोगी म्हणाला, "दाजी, बसा की मोटारीत. समद्यांना घरी सोडतो. भिजलेल्या मानसाला शपथ लागत न्हाय."

"शपथ ती शपथ," शिवशरण म्हणाला. त्याच्या फेट्याचा एक पदर सुटून पाण्यावर पसरला होता.

दाक्षायणीनं दोन्ही पोरांना उचलून मोटारीत ठेवलं आणि मग स्वतः पायरीवर पाय ठेवला.

"अगं," शिवशरण म्हणाला. "मी सिद्धेश्वराची शपथ घेतलीय. माझ्या घरचं माणूस..."

"मी घरातनं कुटं निगालीया?" ती म्हणाली. "मी आत्ता तळ्यातनं निगालीया." आणि तिनं दार ओढून घेतलं.

सवाष्णी दुसऱ्या खेपेला मोटारीतून घरी गेल्या. शिवशरण आणि काका चालत गेले.

पुढचे दिवस बाळीवेशीत त्याला तोंड दाखवायला जागा नव्हती. भेटेल तो विचारायचा, "बोट कुठं हाय?" आधी त्यानं सांगितलं, दुरुस्तीला दिलीय. मग कुणी तरी पाण्यातून तिचं टोक बघून आलं. तेव्हा तो म्हणाला, "तलावाला दान केली." दान केलेल्या वस्तूबद्दल कुणाला जास्त विचारता येत नाही. घरी तो स्वतःच्या हातानं भात शिजवायचा आणि करपलेला खायचा. माहेरी गेलेली लेक दोन-चार दिवसांत भाऊच आणून सोडतो. पंचमी होऊन पंधरवडा गेला, दाक्षायणी आली नाही. शेवटी कल्लेवाडीच्या एका माणसाबरोबर निरोप आला, की दाजींनी येऊन घेऊन जावं.

तो तलावाच्या काठाकाठानं चालत गेला. काळी माती, वहाणा हातात घ्याव्या लागल्या. कल्लेवाडीच्या काठाला पोचला तेव्हा समोर पाण्यात एक तांबूस बोट डुलत होती. तिच्यातून पाच-सहा माणसं आणि दोन शेरडं उतरत होती. बोट ओळखायला त्याला वेळ लागला, कारण त्यानं तिला पाण्यावर असं कधी बघितलंच नव्हतं.

शिवयोगी हसत पुढं आला. "दाजी, तुमची कमाल हाय. आमी बैल लावून वर काडली, पानी उपसलं, अन् बगतो तर थेंब आत येत न्हाय. इंजिन तेवडं गेलं. आता बांबूनं ढकलतो, काठाकाठानं झकास जाती."

आठ-दहा दिवस तळाशी बसून लाकडानं पोटभर पाणी प्यायलं होतं, फळ्या फुगल्या होत्या आणि सगळ्या फटी मिटल्या होत्या. पेरणीआधी गाडीची चाकं खिळखिळी झाली, की सगळा मुलूख ती ओढ्यात भिजत घालतो. काकांनी जन्मभर घातली होती. पण चाक आपलं, बोट साहेबाची. तिलाही तोच न्याय लागत असेल, असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

"मी ती दान केली होती," शिवशरण पुटपुटला.

"व्हय, कळलं. म्हनून तर काडली. दाक्षायणीला म्हनलं, पंचमीचं काय घालू, लुगडं का पातळ? ती म्हनली, मला तळ्यातली बोट काडून दे. आता ती तिची हाय."

घरात ईरम्मा सोप्यात खाटेवर बसल्या होत्या. शिवशरणनं वाकून नमस्कार केला. त्यांनी हात पुढं केला. तो त्याच्या खांद्यावर पडला नाही, शेजारी हवेत चाचपडला, मग त्याच्या गालाला लागला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूचा पडदा आला होता.

"कोन? जावई का? कशानं आला? मोटारीनं?"

"चालत," शिवशरण म्हणाला.

"डोळं गेल्यापासनं मला मोटारीचा आवाजच कळतो," ईरम्मा म्हणाल्या. "दर पंचमीला सोलापुराकडनं मोटार आली की वाटायचं, आली दाक्षायणी. उटून बसायची मी. शिवयोगी आत यायचा अन् काय बोलायचा न्हाय, मग मी परत निजायची."

शिवशरण तसाच परसात गेला. दाक्षायणी पाणी तापवत होती.

"आईंचे डोळे कधी गेले?" त्यानं विचारलं.

"दोन वर्सं झाली."

"मला कुणी सांगितलं नाही."

"अण्णा त्या दोन्ही वर्सी सांगायलाच आला हुता. तुमी आतनं म्हनायचा, घरात कुनी न्हाय." ती चुलीतलं लाकूड सारत राहिली. "मी आली त्या दिशी अव्वानं मला हातानं बगितलं. कपाळ, नाक, कान. मग म्हनली, वाळलीस. लुगड्यावरचं डाग तिला दिसलं न्हाईत, तेवडं बरं झालं."

शिवशरण चुलीपुढं उकिडवा बसला. शपथ, नारळ, मामलेदार कचेरीतला तो कारकून, सगळं त्याला एकदम इतकं बारीक वाटलं, की हे आपण कुणासाठी जपून ठेवलं होतं ते त्याला आठवेना. तो मोठ्यानं 'चुकलं' म्हणणार होता. पण तेवढ्यात दाक्षायणी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली, आणि चुलीपुढं एकट्यानं म्हणण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती निघाली, ती आईला घेऊनच. सोलापूरला मोठ्या दवाखान्यात मोतीबिंदू कापतात, हे तिनं भावाकडून ऐकलं होतं. डॉक्टर काय म्हणेल ते म्हणेल. मोटारीतून जायला ईरम्मा तयार नव्हत्या.

"मोटार रोजचीच हाय," त्या म्हणाल्या. "जावयानं माज्यासाटी बोट घेतली म्हनं. मला त्या बोटीत बसायचंय."

शिवशरणनं दाक्षायणीकडं बघितलं. हे आईला कुणी सांगितलं, ते विचारायची गरज नव्हती. तिनं मान वळवली.

बोटीत आधी गादी अंतरली, तिच्यावर ईरम्मांना टेकवून बसवलं. मग पोरं, मग गाठोडी, मग दाक्षायणी. शिवयोगी मागं बांबू घेऊन उभा राहिला. शिवशरणच्या मनात एक हिशेब जुळला होता. बोट आता बायकोची, म्हणजे मेहुण्याची नव्हे, म्हणजे शपथ मोडत नाही. त्यानं धोतर वर खोचलं आणि एक पाय आत ठेवला. बोट एका अंगाला कलली. ईरम्मांनी घाबरून लेकीचा हात धरला.

"दाजी, लई झालं," ईरम्मांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं शिवयोगी म्हणाला. "एवडं वजन पेलनार न्हाय."

"तुमी चालत या," दाक्षायणी त्याच्याकडं वाकून कुजबुजली. ती रागानं म्हणाली नाही. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "तुमाला वाट पाट झालीया."

शिवशरणनं पाय काढून घेतला. बोट हलली. बांबू टेकायला उथळ पाणी हवं, म्हणून ती काठाकाठानं चालली होती, आणि वीसेक हात मागं, काठावरच्या चिखलातून वहाणा हातात घेऊन शिवशरण चालला होता. वारा पडलेला होता. पाण्यावरून बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"किती मऊ चालती गं," ईरम्मा म्हणाल्या. "जावई कुटं बसल्यात?"

दाक्षायणीनं मागं काठाकडं बघितलं. "मागं हाईत, अव्वा," ती म्हणाली.

"जावई," ईरम्मांनी हाक मारली. "नीट बसलाय न्हवं?"

शिवशरणचा पाय पोटरीपर्यंत चिखलात रुतला होता. तो उपसत त्यानं हाताचा कर्णा केला आणि जिवाच्या आकांतानं ओरडून सांगितलं, "बसलोय आई, ऐसपैस बसलोय."

ईरम्मांनी तो लांबून आलेला आवाज कान देऊन ऐकला आणि समाधानानं मान डोलावली.

"बोट लई मोटी घेतलीया गं जावयानं," त्या म्हणाल्या.